चेन सगळ्यात शेवटी कापायची

रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ ला कंपनीतून पुढे १५ आणि मागे ३८ दात्यांचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) येतं, चेन ५२० ची. ३८ भागिले १५ म्हणजे २.५३३. पुढचं स्प्रॉकेट अडीच वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. हा आकडा वाढवला की ओढ वाढते आणि त्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) वेग कमी मिळतो. घटवला की उलट.

हायवे आणि घाटातली डांबरी सडक यांसाठी २.५३३ बरोबर आहे. पण दोनशे किलोच्या घरातली ही गाडी सह्याद्रीतल्या सुट्या दगडांच्या चढावर घातली, की पहिल्या गिअरमध्येही माणसाच्या चालीने ती चढवता येत नाही. क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो. पाच-दहा मिनिटं असा हाफ क्लच चालला की प्लेटा तापतात, वास येतो, आणि लिव्हरचा फ्री प्ले (मोकळी हालचाल) बदललेला हाताला जाणवतो. गिअरिंग, म्हणजे हे गुणोत्तर, बदलायचं ते यासाठी. सर्वात कमी किती वेगाने, क्लच पूर्ण सोडून, गाडी चालवता येते, हा पहिला प्रश्न. टॉप स्पीडचा विचार त्याच्या नंतर.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मी दोन मोजमापं लिहून ठेवतो. सपाट रस्त्यावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून २००० आरपीएमवर गाडी स्थिर धरायची आणि मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायचा. मीटरवर विसंबायचं नाही, मीटर बहुधा थोडा जास्तच दाखवतो. दुसरं मोजमाप शेवटच्या गिअरमधलं: जीपीएसवर ८० चा वेग धरायचा आणि आरपीएम किती आहे ते टिपायचं. ही दोन्ही मोजमापं एकाच टायरवर आणि हवा नेहमीच्या दाबाची असताना घ्यायची. इंजिनातले आणि गिअरबॉक्समधले गुणोत्तर माहीत नसले तरी चालतं. पुढचं सगळं त्रैराशिक आहे.

समजा पहिल्या गिअरमध्ये २००० ला १२ किमीचा वेग मिळाला आणि ८० ला ४००० आरपीएम दिसले. आता गुणोत्तर २.८ केलं, तर पहिल्या गिअरचा वेग १२ × २.५३३ ÷ २.८ म्हणजे १०.९ होईल, आणि ८० ला आरपीएम ४००० × २.८ ÷ २.५३३ म्हणजे ४४२० च्या आसपास. ३.० केलं तर १०.१ आणि ४७३७. आकडे लहान वाटतात, पण दगडांत १२ आणि १०.१ यांत मोठा फरक आहे: पुढचं चाक दगडावर चढताना पाय टेकवायला वेळ मिळतो की नाही, तो हा फरक. आणि ४००० व ४७३७ यांतला फरक पुणे ते कोल्हापूर अंतरात तळहातांना कळतो.

या गाडीपुरते व्यवहार्य पर्याय असे (पुढचे दाते/मागचे दाते, मग गुणोत्तर):

१६/३८: २.३७५, सहा टक्क्यांनी वेगाकडे
१५/३८: २.५३३, मूळचं
१५/४०: २.६६७, पाच टक्के ओढीकडे
१४/३८: २.७१४, सात टक्के
१५/४२: २.८००, साडेदहा टक्के
१४/४०: २.८५७, तेरा टक्के
१४/४२: ३.०००, अठरा टक्के

पुढचा एक दाता म्हणजे मागचे अडीच दाते, ही गोष्ट ओठांवर असावी. मागचा एक दाता बदलून काय होणार असं वाटतं, आणि खरंच जाणवण्यासारखं काही होत नाही. पुढचा एक बदलला की पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतं.

दुसऱ्या गाडीचं गुणोत्तर उचलून आपल्या गाडीला लावणं ही सर्रास दिसणारी चूक. सुझुकी डीआर-झेड ४०० एस ला १५/४४ म्हणजे २.९३३ येतं, डीआर ६५० ला १५/४२ म्हणजे २.८, कावासाकी केएलआर ६५० ला १५/४३, यामाहा डब्ल्यूआर २५० आर ला १३/४३ म्हणजे ३.३०८. या आकड्यांवरून कोणती गाडी चढाला चांगली ते ठरत नाही. इंजिनपासून क्लचपर्यंतचं गुणोत्तर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर आणि मागच्या टायरचा घेर हे प्रत्येकीचं वेगळं असतं. तुलना करायची तर पहिल्या गिअरमधल्या प्रत्यक्ष वेगाची करावी.

टायरच्या घेरावरून आठवलं. १२०/९०-१७ काढून १३०/८०-१७ टाकला, तर कागदावर व्यास ६४८ मिमीवरून ६४० वर येतो. सव्वा टक्का फरक, म्हणजे मागे अर्धा दाता वाढवल्यासारखंच. टायरही बदलायचा असेल तर तो आधी बदलून मग मोजमापं घ्यावीत.

पहिला प्रयोग नेहमी पुढच्या स्प्रॉकेटवर करावा. कारण साधं आहे: ते स्वस्त असतं, तासाभरात बदलून होतं, चेन तीच राहते, आणि नाही पटलं तर परत जुनं लावता येतं. १५ काढून १४ लावलं की एक्सल (मागच्या चाकाचा आस) सुमारे ४ मिमी मागे घ्यावा लागतो, बाकी काही नाही. पण ही तडजोड कायमची म्हणून ठेवावी का, याबद्दल माझं मत ठाम आहे: प्रयोगासाठी १४ उत्तम, कायमसाठी शक्य तर १५ च ठेवून मागचं वाढवावं.

त्यामागची कारणं मोजता येतात. ५२० चेनची एक कडी १५.८७५ मिमीची. १५ दात्यांच्या स्प्रॉकेटचा चेन जिथून फिरते तो व्यास ७६.४ मिमी, १४ चा ७१.३, १३ चा ६६.३. इंजिनचा जोर तोच असताना व्यास सात टक्क्यांनी घटला की चेनवरचा ताण सात टक्क्यांनी वाढतो. शिवाय प्रत्येक कडी पुढच्या स्प्रॉकेटवर वळते ती १५ ला २४ अंशांत, १४ ला २५.७, १३ ला २७.७. पिन आणि बुश यांची झीज या वळण्यातूनच होते. तिसरी गोष्ट म्हणजे स्प्रॉकेट गोल असलं तरी चेन त्यावर बहुकोनासारखी बसते, त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दात्याला किंचित कमी-जास्त होतो: १५ ला २.२ टक्के, १४ ला २.५, १३ ला २.९, १२ ला ३.४. १३ च्या खाली गेल्यावर संथ वेगात पायाखाली जी बारीक थरथर जाणवते, तिचा एक भाग हा असतो.

आणि चौथं, जे सर्वात आधी डोळ्यांना दिसतं: पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेनची वरची बाजू अडीच मिमीने खाली येते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीवर जास्त घासते. एक दाता कमी केल्यावर ती पट्टी हजार किलोमीटरला एकदा तरी वाकून बघावी. मध्येच खोल चर पडला की खालचा धातू जवळ आला समजायचं. पट्टी स्वस्त आहे, स्विंगआर्म नाही.

पुढे १६ टाकायचं असेल तर उलट काळजी. इंजिनच्या केसिंगला आणि स्प्रॉकेटच्या कव्हरला चेन लागते का, ते बोट घालून, चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं. धावताना चेन बाहेरच्या बाजूला फेकली जाते, त्यामुळे उभ्या गाडीवर चार-पाच मिमी मोकळे दिसले तरच समाधान मानावं. चिखल साचायलाही जागा लागते.

१४/३८ वर दोन-तीन वेगवेगळे दिवस काढले की काय हवं ते स्पष्ट होतं: एक दिवस सुट्या दगडांचा चढ, एक दिवस जांभ्याच्या ओल्या वाटा, एक दिवस सलग हायवे. ओल्या चिखलात ओढ जास्त झाली तर पहिल्या गिअरमध्ये चाक नुसतं फिरतं. तिथे दुसरा गिअर वापरायचा, आणि ओढ वाढवल्यामुळे तो तिथे खरोखर वापरता येतो, हा फायदाच आहे. उतारावर इंजिनचा ब्रेक जास्त लागतो, तोही फायदा. लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब धरावा. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही थोडी खाली असते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, पण हवाच नसेल तर ताकद कुठून आणणार? सामान आणि डबल सीट असेल, तर १४/३८ चे सात टक्के त्या चढावर अगदी हक्काचे वाटतात.

हिमालयन ४११ सह्याद्रीत वापरायची आणि घरी हायवेने यायचं, या दुहेरी कामासाठी मी १५/४२ कडे आलो. पुढचं स्प्रॉकेट मूळच्या मापाचं, पट्टीला त्रास नाही, ओढ साडेदहा टक्के जास्त. मागचं ४२ घेताना तीन गोष्टी दुकानातच तपासायच्या: मधलं भोक, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, आणि जाडी ५२० च्या चेनचीच आहे ना. चेनच्या आकड्यातला पहिला अंक कडीची लांबी सांगतो, इंचाच्या आठव्या भागांत: ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिमी. उरलेले दोन अंक आतली रुंदी सांगतात: २० म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. ५२५ ची कडी तेवढीच लांब पण आतून ७.९४ मिमी रुंद. ५२० च्या स्प्रॉकेटवर ५२५ ची चेन बसते, फिरते, आणि आडवी हलून दाते बाजूने खाते. डीआर ६५० ला ५२५ येते आणि डीआर-झेडला ५२०, त्यामुळे एकीचे भाग दुसरीला सुचवले गेले की ही गल्लत होते. ४२८ ची कडी मुळातच अर्ध्या इंचाची, ती बसणारच नाही.

अॅल्युमिनियमचं मागचं स्प्रॉकेट हलकं असतं, पण लांबच्या वापरात स्टीलच घ्यावं. कोकणातल्या पावसाळ्यात लाल मातीचं पाणी घासण्याच्या पावडरीसारखं काम करतं.

आता चेनची लांबी. बाकी सगळं उलटवता येतं, कापलेली चेन उलटवता येत नाही.

पहिलं तत्त्व: कड्यांची संख्या सम असते, कारण आतली कडी आणि बाहेरची कडी आळीपाळीने येतात. अर्धी कडी जोडून काम भागवण्याचा उपाय सायकलीला ठीक आहे, मोटरसायकलला नाही. म्हणजे लांबी दोन-दोन कड्यांनीच बदलते, आणि दोन कड्या म्हणजे एक्सल १५.९ मिमी मागे.

दुसरं: कोणत्याही स्प्रॉकेटचा एक दाता वाढला की एक्सल सुमारे ४ मिमी पुढे येतो, कमी झाला की ४ मिमी मागे जातो. हा पाव कडीचा नियम. झटपट अंदाजाला तो पुरेसा आहे.

नेमकं हवं असेल तर सूत्र आहे. पुढच्या स्प्रॉकेटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मिमीमध्ये मोजायचं आणि १५.८७५ ने भागायचं, म्हणजे ते कड्यांमध्ये येतं. त्याची दुप्पट करायची. त्यात दोन्ही स्प्रॉकेटच्या दात्यांच्या बेरजेचा निम्मा भाग मिळवायचा. मग दात्यांमधल्या फरकाचा वर्ग करून त्याला ३९.५ ने आणि परत त्या कड्यांमधल्या अंतराने भागायचं, येईल तेही मिळवायचं.

उदाहरण करून बघू. स्विंगआर्मच्या ज्या खाचेत एक्सल पुढे-मागे सरकतो, तिच्या पुढच्या भागात एक्सल ठेवून अंतर ६५५ मिमी आलं असं धरा. भागिले १५.८७५ म्हणजे ४१.२६ कड्या, दुप्पट ८२.५२. १५/३८ साठी बेरजेचा निम्मा २६.५. फरक २३, वर्ग ५२९, त्याला ३९.५ आणि ४१.२६ ने भागून ०.३२. एकूण १०९.३४. वरची सम संख्या ११०, म्हणजे ११० कड्यांवर एक्सल ६५५ च्या पाच मिमी मागे, ६६० वर. तुमच्या गाडीचं अंतर वेगळं निघेल. जुन्या चेनच्या कड्या मोजून आणि तिच्यावर एक्सल कुठे उभा आहे ते बघून हिशेब पडताळावा. तो दोन-तीन मिमीच्या आत जुळला नाही तर मोजताना चूक झाली आहे, किंवा जुनी चेन वाढली आहे.

याच उदाहरणात मागे ४२ लावून ११० च कड्या ठेवल्या, तर एक्सल ६६० वरून १७ मिमी पुढे येतो. खाच तेवढी पुढे असेलही, पण मोठ्या गुट्ट्यांचा टायर स्विंगआर्मच्या आडव्या भागाजवळ आणि मडगार्डजवळ जातो. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. चिखलात टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गोळा भरतो आणि चाक अडतं. म्हणून ११२ कड्या. मग १५/४२ वर एक्सल ६५९ वर येतो, मूळ जागेच्या जेमतेम एक मिमी पुढे.

आणि इथे एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. मागे ४२ आणि चेन ११२ कायम ठेवून पुढे १४ लावलं तर एक्सल ६६३ वर, १५ ला ६५९, १६ ला ६५५.५. म्हणजे चेनला हात न लावता, चार-चार मिमी एक्सल सरकवून तीन गुणोत्तरं मिळतात: ३.०, २.८ आणि २.६२५. शेवटचं मूळच्या गुणोत्तरापासून फक्त साडेतीन टक्के दूर आहे. लांबच्या हायवेला १६, रोजच्याला १५, निव्वळ जंगलवाटांना १४. १६ ची जागा वर सांगितल्याप्रमाणे आधी तपासलेली हवी. मूळ ३८ ठेवून पुढचे दाते बदलत राहण्यापेक्षा मला ही मांडणी कितीतरी सोयीची वाटते.

एक्सल खाचेत कुठे हवा? नवी चेन लावल्यावर पुढच्या अर्ध्या भागात, पण अगदी तोंडाला नाही. चेन वाढणार हे धरूनच जागा ठेवायची. सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या मापाच्या चेनसाठी २१ पिनांमधल्या २० कड्यांची मर्यादा ३१९.४ मिमी दिली आहे, नव्या चेनला ती लांबी ३१७.५ असते. म्हणजे ०.६ टक्के. ११२ कड्यांची चेन १७७८ मिमी लांब असते, ती मर्यादेपर्यंत झिजली की सुमारे १०.६ मिमी वाढते, आणि एक्सल त्याच्या निम्मा, सुमारे सव्वापाच मिमी मागे जातो. तेव्हा सर्वात लहान पुढच्या स्प्रॉकेटला जिथे एक्सल येतो, त्याच्या मागे किमान आठ-दहा मिमी खाच शिल्लक हवी. २० कड्या मोजताना चेन ताणून धरायची आणि तीन-चार ठिकाणी मोजायची, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करताना पहिला पाना पुढच्या स्प्रॉकेटच्या नटावर लागतो. चेन अजून चढलेली असताना, गाडी जमिनीवर, मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगून. चेन आधी काढली की स्प्रॉकेट धरायला काही उरत नाही, आणि मग लोक दात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालतात. नटाखालच्या वॉशरची कड दुमडलेली असेल तर ती छिन्नीने हलकेच सरळ करूनच नट फिरवायचा. काही गाड्यांना नट नसतो, दोन लहान बोल्टांची पट्टी असते. ते बोल्ट कमी जोराचे असतात, पान्यावर लटकू नये. मागच्या स्प्रॉकेटचे नटही चाक गाडीवर असतानाच सैल करावेत. वॉशर नवा टाकायचा. आवळण्याचा टॉर्क आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच. शाफ्टच्या खाचांवर मोलीच्या (मॉलिब्डेनमच्या) ग्रीसचा पातळ हात फिरवला की गंज धरत नाही. स्प्रॉकेट काढलेलंच आहे तर मागचं ऑइल सील ओलं आहे का ते बघून घ्यावं, पुढच्या वेळी परत कव्हर उघडायला नको.

दोन्ही नवी स्प्रॉकेट लागली, चाक बसलं, की एक्सल हिशेबाने ठरवलेल्या जागी आणायचा आणि न कापलेली नवी चेन वरून टाकायची. बाजारात १२० कड्यांची मिळते, ती घ्यावी. दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटवर आणायची, कारण तिथे दाते ती धरून ठेवतात. कागदावरचा हिशेब आणि समोरची चेन जुळते का ते बघायचं. जिथे कापायचं त्या पिनवर रंगाचा ठिपका. मग कड्या दोनदा मोजायच्या.

मोजताना ठरलेली चूक होते ती लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची. ११२ म्हणजे लॉकसकट ११२. कापलेल्या चेनमध्ये १११ कड्या हव्यात आणि दोन्ही टोकांना आतल्या कड्या हव्यात, कारण लॉक ही बाहेरची कडी असते. ११२ मोजून कापलं तर एका टोकाला बाहेरची आणि एका टोकाला आतली कडी येते, लॉक बसतच नाही, आणि आणखी एक कडी काढून ११२ वर यावं लागतं. ही चूक सुधारते. पण कोणी घाईत आधीच कमी मोजलं असेल तर ११० वर यावं लागतं आणि एक्सलचं सगळं गणित १६ मिमीने बिघडतं.

पिन काढण्याआधी तिचं फुलवलेलं डोकं ग्राइंडरने प्लेटच्या पातळीला आणायचं. तसंच चेन ब्रेकरने दाबलं तर ब्रेकरची सुई वाकते. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या कडीच्या रबरी रिंगवर जाऊ नयेत म्हणून ओली चिंधी गुंडाळायची.

लॉक दोन प्रकारचं: क्लिपचं आणि रिव्हेटचं. कच्च्या रस्त्याला रिव्हेट. दगड उडून क्लिप निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. चार रबरी रिंगा आणि सोबतचं ग्रीस न विसरता लावायचं. बाहेरची प्लेट दाबताना शेजारच्या कड्यांची रुंदी व्हर्नियरने मोजून तेवढीच दाबायची. जास्त दाबली की ती कडी अडकते आणि प्रत्येक फेरीला टक-टक आवाज येतो. पिनचं डोकं किती फुलवायचं ते चेनच्या पाकिटावर दिलेलं असतं. ५०० च्या मालिकेतल्या चेनना डीआयडी ही चेन बनवणारी कंपनी ५.५ ते ५.८ मिमी सांगते. डोक्याला बारीक चीर दिसली तर ते लॉक फेकून नवं घ्यायचं. क्लिपचंच लावणार असाल तर क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला.

नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर कधीच नको. वाढलेल्या चेनने दात्यांना जो आकार दिलेला असतो तो नव्या कडीला बसत नाही, आणि नवी चेन वेगाने झिजते. प्रयोगापुरतं नवं १४ जुन्या चेनवर चाललं तर चाललं, पण कायमची मांडणी करताना तिन्ही भाग एकत्र बदलायचे.

ढील किती ठेवायची, यात ड्युअल-स्पोर्ट (डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) गाड्यांचं वेगळेपण आहे. हिमालयन ४११ च्या मागच्या चाकाची हालचाल १८० मिमी. चाक वर-खाली जाताना चेनवरचा ताण बदलतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट व एक्सल हे तीन मध्य एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणलेली असते. ढील तिथे मोजायची. सामान बांधायच्या रॅचेट पट्ट्याने मागचा भाग खाली ओढायचा, किंवा दोन जण बसवायचे, तीन बिंदू एका ओळीत येईपर्यंत. त्या स्थितीत खालच्या बाजूला मध्यावर १० ते १५ मिमी खेळ राहिला पाहिजे. मग पट्टा सोडून, गाडी साइड स्टँडवर असताना ढील किती दिसते ते मोजून टाकीखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं. तोच तुमच्या मांडणीचा आकडा. स्प्रॉकेट बदलल्यावर मॅन्युअलमधला आकडा जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. उभ्या गाडीवर चेन छान ताठ दिसावी म्हणून आवळणं हे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील खराब करण्याचं मोठं कारण आहे. पहिल्या मोठ्या खड्ड्यात चाक वर गेलं की सगळा ताण त्या बेअरिंगवर येतो.

चाक सरळ बसलं का हे स्विंगआर्मवरच्या खुणांवरून ठरवू नये. स्विंगआर्मच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजायचं, मग मागून वाकून चेनच्या ओळीवर नजर टाकायची. वाकडं असेल तर मागच्या दात्यांच्या एकाच बाजूला चकाकी येते.

नवी चेन पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये थोडी बसते. तेव्हा एकदा, दोनशेला एकदा आणि पाचशेला एकदा ढील आणि सगळे नट बघायचे, विशेषतः पुढच्या स्प्रॉकेटचा. धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश रबरी रिंगा खातो. पावसात दिवसभर चालवल्यावर त्याच संध्याकाळी, चेन गरम असताना, ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा स्प्रे आतल्या बाजूने द्यायचा.

पहिली दोन मोजमापं परत घ्यायची. पहिल्या गिअरमधला वेग आणि ८० चे आरपीएम हिशेबाप्रमाणे आले पाहिजेत. मीटरही जीपीएसशी ताडून बघावा. वेगाचा सेन्सर चाकावर असेल तर स्प्रॉकेट बदलल्याने काही फरक पडत नाही, गिअरबॉक्सवर असेल तर मीटर आणि किलोमीटर दोन्ही त्याच टक्क्यांनी जास्त दाखवतात. तसं असेल तर पेट्रोल आणि सर्व्हिसचा हिशेब करताना तेवढे वजा धरावे.

१२० मधून कापलेल्या आठ-नऊ कड्या फेकू नयेत. त्यातला एक तुकडा, एक क्लिपचं लॉक, लहान चेन ब्रेकर आणि १४ चं स्प्रॉकेट एवढं टूलकिटमध्ये राहावं. जंगलात कडी तुटली तर तुटलेला भाग काढून दोन कड्यांनी चेन आखूड होते, एक्सल १६ मिमी पुढे घ्यावा लागतो. खाचेत पुढे तेवढी जागा असेल तर एका लॉकवर घरी येता येतं. नसेल तर तुकडा मध्ये घालायला दोन लॉक लागतील. आपल्या गाडीत यांतलं कोणतं लागू आहे ते घरीच, एक्सल पुढे सरकवून, मोजून ठेवावं आणि तेवढी लॉकं पिशवीत टाकावीत.